जिंकायच्या आधीचे बूट

शीतल बावणे स्वतःच्या सत्काराला रबरी चपला घालून आली होती. अंगावर इस्त्रीचा ट्रॅकसूट, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि पायात न्हाणीघरातल्या निळ्या चपला. राज्य स्पर्धेत दहा किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत ती तिसरी आली होती. शेवटच्या फेरीत तिच्या डाव्या बुटाचा तळ निघाला, तो फटफट वाजवतच तिनं रेघ ओलांडली. दुसरा जोड नव्हता.

सत्कार गांधीबागेच्या बाजारपेठेतल्या कापड व्यापाऱ्यांनी ठेवला होता. पुढाकार मधुकरराव निनावे यांचा. साड्यांचे ठोक व्यापारी, साठीचे, पांढरा सदरा, हातात सतत फोन. जिंकून आलेल्या खेळाडूंचा सत्कार ते दरवर्षी हौसेनं करत. शाल झाली, नारळ झाला, चार भाषणं झाली आणि मग शीतलच्या कमरेला लागेल एवढी ट्रॉफी दोघांनी उचलून तिच्या हातात दिली. मी तिची कोच, म्हणून दुसऱ्या रांगेत. शेजारी तिची आई शोभाताई. त्यांनी ती ट्रॉफी मांडीवर घेतली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मुळीच हळू नसलेल्या आवाजात मला विचारलं, "मॅडम, हे वापस करून पोरीले बुटं भेटतील का?"

पुढच्या रांगेतली मधुकररावांची मान गर्रकन वळली.

मी तीस-एक वर्षं सरकारी क्रीडा मार्गदर्शक होते. मार्गदर्शक म्हणजे साध्या भाषेत कोच. शिट्टी, घड्याळ आणि अर्ज या तीन गोष्टींवर चालणारी नोकरी. आता निवृत्त आहे, मनीषनगरात राहते. ऑलिंपिक आलं की सकाळी फिरणारे शेजारी मला हटकून थांबवतात. "एवढा मोठा देश मॅडम, पदकं काहून येत नाहीत?" पूर्वी मी कारणं सांगत बसायची. आता शीतलची गोष्ट सांगते. सांगताना अजून माझा आवाज चढतो. शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही त्याची सवय झाली आहे.

शीतल मुळात धावणारी. पाच हजार मीटरमध्ये नेहमी आठवी नाहीतर नववी. वडील ट्रक चालवायचे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. आई कोराडीला एका खाणावळीत पोळ्या करायची. एकदा बस चुकली म्हणून शीतल मैदानापर्यंत चालत आली, आणि तिच्याबरोबर निघालेल्या दोन मुली पळत येऊनही तिच्या मागेच राहिल्या. मी फाटकाशी उभी होते. त्या दिवशी मी तिला धावणं सोडायला लावलं.

चालण्याची शर्यत लोकांना गंमत वाटते. कंबर डोलते, कोपरं हलतात, बघणारे हसतात. पण नियम दोनच आहेत आणि दोन्ही जीवघेणे. एक, दोन्ही पाय एकाच वेळी जमीन सोडताना दिसता कामा नयेत. दुसरा, पुढचा पाय टेकला की तो अंगाखाली येईपर्यंत गुडघा सरळ हवा. वाटेत पंच उभे असतात. त्यांच्याकडे यंत्र नसतं, फक्त डोळे. शंका आली की पिवळी पाटी दाखवतात, ती ताकीद. खात्री झाली की मुख्य पंचाकडे लाल कार्ड पाठवतात. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं जमली की खेळाडू बाद, मग तो पहिला का असेना. म्हणजे जास्तीत जास्त जोरात जायचं, आणि तरी धावायचं नाही. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत करून पाहावं.

सत्कार संपल्यावर मधुकरराव आमच्याजवळ आले. शोभाताईंनी घाबरून ट्रॉफी पदराआड घेतली, अर्थात ती काही मावली नाही.

"ताई बुटं मागून राहिल्या होत्या ना?" त्यांनी मला विचारलं. "मले आधी सांगितलं काहून नाही? उद्या दुकानात या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गादीवर जाऊन बसले. चहा आला. मधुकररावांनी विचारलं, "एका जोडाचे किती लागतात?"

"एक जोड नको भाऊ. वर्षाला पाच लागतात, अडीच महिन्यांत तळ जातो. शिवाय रक्ताची तपासणी पाहिजे. रोजची अंडी पाहिजेत. पायाचे स्नायू पाहणारा फिजिओ पाहिजे, आणि स्पर्धेला जाताना झोपायला बर्थ पाहिजे. जनरल डब्यात उभं राहून गेलेली मुलगी उतरल्यावर काय चालणार?"

"म्हणजे हे सगळं जिंकायच्या आधी?"

"हो."

"आणि हरली तर?"

"हरली तरी."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, मी व्यापारी माणूस आहो."

"म्हणूनच तर आली. लग्नसराईचा माल तुम्ही लग्नं लागल्यावर भरता का?"

ते असे हसले की समोरच्या गिऱ्हाईकानं निवडायला घेतलेली साडी खाली ठेवली. "बरं पकडलं तुम्ही मले," ते म्हणाले. "चला, एक वर्ष. सत्काराचा सगळा पैसा या पोट्टीवर. पण मी पाहाले येईन."

"या ना. साडेपाचला."

"संध्याकाळी?"

"सकाळी."

त्यांचं तोंड जरा उतरलं, पण शब्द फिरवला नाही.

पहिला खर्च रक्ताच्या तपासणीचा. शीतलचं हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "ही मुलगी दहा किलोमीटर चालते? हिला जिना चढताना दम लागायला हवा." मी रिपोर्ट हातात घेऊन तिथल्या बाकावर बसले, आणि मला अंजली आठवली.

अंजली शीतलच्या कितीतरी आधीची. उंच, लांब पायांची, पहिल्या चार फेऱ्यांत सगळ्यांच्या पुढे आणि पाचव्या फेरीत एकदम मागे. मी तिला सगळ्यांसमोर कामचोर म्हटलं होतं. एकदा शिबिरातून घरी पाठवलं. ती परत आली नाही. तिच्या नखांचा पांढुरका रंग मला तेव्हाही दिसत होता, पण तो रक्त कमी असल्याचा आहे हे मी कधी ओळखलं नाही. शीतलचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात मी अंजलीचा पत्ता काढला. ती बुटीबोरीला एका कारखान्यात पॅकिंगला होती, दोन मुलांची आई. मी तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. ती ओशाळून हसली. म्हणाली, "मले तर आतापर्यंत वाटे मॅडम, मीच आळशी आहो." मी तिला डॉक्टरकडे नेलं. तिला आता बरं आहे. पण तिची धावायची वर्षं मी कुठून आणणार होते? या नोकरीत माझ्या हातून काही चांगलं झालं असेल, तर त्याच्या शेजारी हे पण लिहून ठेवलं पाहिजे.

शीतलला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अंडी, गूळ-शेंगदाणे, पालक. तिसऱ्या महिन्यात तिचे गाल भरले आणि सरावात मला माझं घड्याळ बिघडलं की काय असं वाटू लागलं. एके सकाळी दोन किलोमीटरची चाल संपवून ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, झालं? मले तर काही लागलंच नाही." मी पुन्हा मोजलं. घड्याळ बरोबर होतं. मी स्कूटरवरून मनीषनगरला परत येताना पूर्ण शहर पार करेपर्यंत एकटीच हसत होते.

मधुकरराव महिन्यातून दोनदा कोराडीला यायचे. राखेचे टँकर आणि कोळशाचे ट्रक सुरू होण्याआधी वीजकेंद्राच्या वसाहतीमागचा रस्ता रिकामा असायचा, तिथं आमचा सराव. त्यांची एकच तक्रार होती. "मॅडम, याचा फोटो कसा काढू? ट्रॉफीचा निघते. रक्ताच्या रिपोर्टचा काय फोटो काढू?"

शोभाताई रस्त्याच्या कडेला पाटावर बसून फोनवर मुलीच्या गुडघ्यांचं चित्रण करायच्या. हे काम मी त्यांना दिलं होतं, कारण गुडघा त्याच्याच उंचीवरून पाहावा लागतो. आधी त्यांना या चालण्याची लाज वाटे. "लोकं हसतात," म्हणायच्या. पण नियम समजले तशा त्या बदलल्या. खाणावळीतला एक जुना सराटा, म्हणजे उलथणं, त्यांनी पिवळ्या रंगानं रंगवून आणला आणि गुडघा जरा वाकला की तो वर करायच्या. एकदा मधुकररावांनी जोशात येऊन शीतलच्या मागे चालून पाहिलं. पाचव्या पावलालाच सराटा वर.

"काय झालं ताई?"

"गुडघा वाकला तुमचा, भाऊ."

"अवो, माझा गुडघा बारा वर्षांपासून वाकलेला आहे!"

शीतल हसता हसता रस्त्यातच बसली.

मग राज्य स्पर्धा आली. या वेळी सगळ्यांना बर्थ होती. मधुकरराव स्वतः आले, सोबत गांधीबागेतले दोन मित्रही आणले. मैदानावरच्या पंचवीस फेऱ्या. दहाव्या फेरीला शीतल पहिली होती, पंधराव्या फेरीला मागचीत आणि तिच्यात अर्ध्या वळणाचं अंतर. फलकावर तिच्या नंबरापुढे एक लाल ठिपका होता, म्हणजे एक लाल कार्ड. मला तो दिसत होता. पण घड्याळात त्याहून मोठं काहीतरी दिसत होतं. आणखी थोडा जोर लावला तर राज्याचा विक्रम! मी कठड्यावर वाकून ओरडले, "ताण शीतल! ताण!"

तिनं माझं ऐकलं. विसाव्या फेरीत दुसरा ठिपका लागला. बाविसाव्या फेरीच्या वळणावर मुख्य पंच पुढे आले आणि त्यांनी तिच्यासमोर लाल पाटी धरली.

ती थांबली. पुढे कुणीच नव्हतं, अख्खा ट्रॅक तिच्यापुढे मोकळा होता, आणि तिला आत गवतावर जायचं होतं. शोभाताई पळत गेल्या, आणि दोघी तिथंच गवतावर बसून रडल्या. मधुकररावांचे मित्र एकमेकांकडे पाहत होते. मी कुणाकडेच पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत मी मधुकररावांसमोर जाऊन बसले. "चूक तिची नाही भाऊ. मी लालची झाली. ठिपका दिसत असून मी तिला ताणायला लावलं. तुम्हाला थांबायचं असेल तर मी समजू शकते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पैशाचं जाऊ द्या. मले एक सांगा, तिसरं कार्ड डाव्या गुडघ्याचं होतं की उजव्या?"

मी थक्क झाले. "डाव्या."

"दुसरंही डाव्याचंच. मी पंचाच्या मागेच उभा होतो. डाव्यात काही बिघाड आहे, मॅडम. तपासून घ्या." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आमचाही एखादा सीझन बसते. म्हणून काय कुणी दुकान बंद करते का?"

फिजिओनं तपासलं. डाव्या मांडीमागचा स्नायू दोरीसारखा आखडलेला होता. तळ निघालेल्या बुटानं ती शर्यत पूर्ण केली तेव्हापासून असावा. सात आठवडे शीतलनं जोरात एकही पाऊल टाकलं नाही. ताणाचे व्यायाम, गरम शेक, हळू चाल, पुन्हा ताण. तिला कंटाळा यायचा, चिडायची. शोभाताई सराटा घेऊन बसलेल्या. आणि मी? मी कठड्यावरून ओरडायचं नाही हे शिकत होते. पन्नाशी ओलांडल्यावर नवीन सवय लावणं स्नायू मोकळा करण्याहून अवघड असतं.

राज्यातून ती बाद झाली तरी तिची जुनी वेळ चांगली होती, म्हणून राष्ट्रीय पातळीवरच्या खुल्या शर्यतीत नाव लागलं. उत्तरेकडचं शहर, कडाक्याची थंडी, रस्त्यावर एक किलोमीटरची वळसे घेणारी वाट, दहा फेऱ्या. मधुकररावांना लग्नसराईमुळे दुकान सोडता येईना. ते म्हणाले, "फोन चालू ठेवा. मी स्पीकरवर टाकतो."

शर्यत सुरू झाली. शीतल आठवी, मग सहावी. पाचव्या फेरीला पहिला लाल ठिपका. सातव्या फेरीला दुसरा. ती आता तिसरी होती, पुढच्या दोघी वीसेक पावलं पुढे, आणि वाटेत अजून सहा पंच. त्यातल्या एकानं कार्ड टाकलं की संपलं.

फोनमधून आवाज, "मॅडम, काय झालं? बोला ना!"

"दोन ठिपके. तिसरी आहे."

पलीकडून एक गिऱ्हाईक बाई, "हा भाव नको, अजून दाखवा," आणि मधुकरराव, "अवो ताई, दोन मिनिटं थांबा, पोट्टी दोन ठिपक्यांवर चालून राहिली!"

मी तोंडावर हात ठेवून उभी होते. ओठांवर सतरा सूचना आलेल्या. शीतल आमच्यासमोरून गेली तेव्हा तिचे खांदे कानाला लागलेले, मुठी आवळलेल्या. घाबरलेली मुलगी अशी दिसते. तेवढ्यात शोभाताई ओरडल्या. मी कधीच दिली नसती अशी सूचना.

"शीतल! बस गेली तर जाऊ दे वं! आरामात ये!"

शीतलनं मान वळवली नाही. पण ती हसली. मी पाहिलं. खांदे खाली आले, मुठी उघडल्या, कंबर पुन्हा मोकळी फिरू लागली आणि डावा गुडघा काठीसारखा सरळ पडू लागला. आणि ती वेगात आली! जोर कमी केला आणि वेग वाढला. तीस वर्षं मी मुलींना हेच सांगत आले होते, पण इतकं उघड कधी पाहिलं नव्हतं. नवव्या फेरीत पुढचीपासूनचं अंतर दहा पावलांवर आलं. शेवटच्या वळणावर पाच. एका पंचानं वाकून तिच्या पायांकडे पाहिलं, हात पाटीकडे नेला आणि पाटी तशीच खाली ठेवली. मी फोनमध्ये काय ओरडत होते मला आठवत नाही. शोभाताई माझा दंड पिळत होत्या, त्याचा निळा डाग पुढे आठवडाभर होता. रेघेच्या आधी तीसेक मीटरवर शीतलनं दुसऱ्या मुलीला मागे टाकलं.

दुसरी! पण या खेळात रेघ ओलांडली म्हणजे झालं असं नाही. शेवटच्या फेरीत दिलेली कार्डं मुख्य पंचाकडे नंतर पोचतात. रेघेनंतरही माणूस बाद होऊ शकतो. आम्ही तिघी फलकासमोर जाऊन उभ्या राहिलो. शीतल घोंगडी पांघरून, दात वाजत असलेली. एक माणूस सायकलवरून कार्डं घेऊन आला. मुख्य पंच ती एकेक करून पाहू लागले. फलकाजवळच्या बाईनं हातात एक लाल ठिपका घेतला. शोभाताईंनी डोळे मिटले. बाईनं तो ठिपका दुसऱ्याच नंबरापुढे लावला.

मग मुख्य पंचांनी कागदावर सही केली.

"मॅडम?" फोनमधून अगदी बारीक आवाज आला.

"दुसरी, भाऊ. पक्की दुसरी."

पलीकडे जो गलका झाला त्यानं माझ्या फोनचा आवाज फाटला. दुकानातल्या त्या अनोळखी ताईंनी, भाव न जमलेल्या, मधुकररावांचं अभिनंदन करून पाच साड्या घेतल्या असं नंतर कळलं. शीतल आईच्या गळ्यात पडली. मी वळून एका झाडाकडे तोंड करून उभी राहिले, कारण कोचनं रडताना दिसू नये असं मला कुणीतरी फार पूर्वी शिकवलं होतं. चूक शिकवलं होतं.

शीतलला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. आता बूट, जेवण, डॉक्टर, सगळं तिकडंच मिळतं. रौप्यपदकानंतर सत्कारासाठी चार ठिकाणांहून फोन आले. ती एकाही ठिकाणी गेली नाही, सराव होता.

ती गेल्यावर मला वाटलं, मधुकररावांची हौस पुरी झाली. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला पुन्हा गांधीबागेत बोलावलं. गादीवर त्यांच्याशिवाय पाच व्यापारी बसलेले. निवृत्त होऊनही माझ्याकडे सरावाला तीन नव्या मुली होत्या, एकीनंही अजून काही जिंकलेलं नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. एक जण म्हणाला, "मग मॅडम, या जिंकतीलच याची ग्यारंटी काय?"

मी तोंड उघडायच्या आत मधुकरराव म्हणाले, "काहीच नाही. ग्यारंटी असती तर आपली गरजच काय होती?"

मग त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, लुगड्यांच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "पोट्ट्या किती वाजता येतात?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला कोराडीच्या रस्त्यावर पाच स्कूटर उभ्या होत्या. पाच शेठ, कानटोप्या घातलेले, पायात नवेकोरे कॅनव्हासचे बूट. शीतल शिबिरात असली तरी शोभाताई सराटा घेऊन पाटावर बसलेल्या. तिन्ही मुली रेघेवर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हातारबुवाही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तर म्हणाले, "एक फेरी करू द्या ना मॅडम. समजलं तर पाहिजे, कशाले पैसे देऊन राहिलो."

मी शिट्टी वाजवली.